संगणकाचा जीर्णोद्धार

एखादे काम पहिल्यांदा करताना मनुष्य काही शिकतो. दुसऱ्यांदा करताना शिकलेले पडताळून पाहतो. पण तेच काम सातव्यांदा, तितक्याच वेळात आणि तितक्याच धास्तीने करावे लागले, तर दोष कामाच्या मांडणीत आहे असे समजावे. घरातील मंदगती संगणकावर ऑपरेटिंग सिस्टीम पुनःपुन्हा बसविणे हे अशांपैकीच एक काम होय. बाजारात याला 'फॉरमॅट मारणे' म्हणतात. 'मारणे' हे क्रियापद ज्याने प्रथम योजिले त्याला भाषेची जाण असली पाहिजे.

आमच्या घरचा संगणक दहा-बारा वर्षांचा आहे. तो सुरू करून आम्ही देवपूजा आटोपून यावे, तरी पडद्यावरचे चक्र फिरतच असे. वर्षातून दोनदा तरी फॉरमॅटचा योग येई. आदल्या रात्री सर्व कागदपत्रे बाहेरच्या डिस्कवर उतरवायची. सकाळी पेन ड्राइव्हवरून सिस्टीम बसवायची. मग प्रिंटरचा ड्रायव्हर, मराठी कळफलक, तासन्‌तास चालणारे अपडेट. युनिकोडपूर्व काळातील फॉन्ट पुन्हा बसेपर्यंत आमच्या जुन्या दाव्यांतील वादी आणि प्रतिवादी दोघेही रोमन चिन्हांच्या गर्दीत हरवलेले असत. सारा रविवार असा खर्ची पडे.

रविवार गेल्याचे दुःख फारसे नव्हते. भय निराळेच होते. त्याच डिस्कवर आमच्या दिवंगत आत्याबाईंनी म्हटलेली धालोची गाणी आहेत. पौषातल्या चांदण्यात मांडावर म्हणायची ही गाणी त्यांनी आमच्या आग्रहास्तव घरात बसून म्हटली. मध्येच त्या खोकतात, हसतात, विसरलेली ओळ आठवून पुन्हा सुरुवात करतात. हा आवाज दुसरीकडे कोठे मिळणार नाही. 'फॉरमॅट' या शब्दावर बोट ठेवताना दर वेळी आमचा हात थबके.

या अडचणीचे उत्तर आम्हांला आमच्या देवळांनी दिले. जीर्णोद्धार हाती घेताना कोणी एकदम भिंतीवर पहार घालीत नाही. आधी विधिपूर्वक देवतेचे तत्त्व कलशात घेतात, त्याची अन्यत्र स्थापना करतात, पूजेत खंड पडू देत नाहीत. मगच जुन्या दगडाला हात लावतात. १५६० साली कुशस्थळीचा मंगेश नदी ओलांडून अंत्रुज महालात प्रियोळला आणला गेला. मूळ देऊळ मागे राहिले, देव राहिला. देव आणि देऊळ यांतला हा विवेक आमच्या पूर्वजांना कठीण काळीही सुटला नाही.

तोच विवेक आम्ही संगणकास लावला. डिस्कचे दोन भाग केले. 'सी' भागात फक्त सिस्टीम आणि प्रोग्राम, म्हणजे देऊळ. 'डी' भागात दावे, छायाचित्रे आणि आत्याबाईंचा आवाज. विंडोजमध्ये 'डॉक्युमेंट्स' फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन त्याचे स्थान 'डी'वर नेता येते. लिनक्समध्ये 'होम'साठी स्वतंत्र पार्टिशन ठेवण्याची चाल जुनीच आहे. यापुढे फॉरमॅट होतो तो 'सी'चा. मात्र दोन्ही भाग एकाच डिस्कवर असतात आणि डिस्कच निकामी झाली तर दोन्ही जातात. म्हणून बाहेरची प्रत हवीच, आणि ती एकाहून अधिक असावी.

राहिला प्रश्न वेळेचा. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीच्या काळात चतुर मंडळी पुढचे सर्व्हिस पॅक मूळ सीडीतच मिसळून घेत. २०१२ च्या विंडोज ८ पासून सिस्टीम नव्याने बसविण्याची सोय तिच्या आतच आली. तिच्यात कागदपत्रे राखता येतात. पण बाहेरून बसविलेले बहुतेक प्रोग्राम निघून जातात. आम्हांला सोयीची वाटली ती प्रतिमा. सर्व काही एकदा नीट बसवून झाले, फॉन्ट आले, प्रिंटर बोलू लागला, की क्लोनझिलासारख्या विनामूल्य साधनाने त्या शुद्ध स्थितीतील 'सी'ची संपूर्ण प्रतिमा बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. पुढच्या वेळी तीच परत उतरवायची. प्रतिमा घेतल्यानंतरचे अपडेट तेवढे करावे लागतात. म्हणून वर्षाकाठी तिचेही नूतनीकरण करावे.

आणि वकिलाने विचारावाच असा एक प्रश्न : मूळ कारण काय? आमच्या संगणकात मिनिटास ५४०० फेरे घेणारी जुनी हार्ड डिस्क होती. नवी सिस्टीम बसविली तरी बारीकसारीक शेकडो फायली शोधत तिला फिरावेच लागे. तिच्या जागी, न फिरणारी, एसएसडी बसविली आणि संगणक देवपूजेची वाट न पाहता उघडू लागला. ज्या आजारावर आम्ही वर्षानुवर्षे स्नान घालीत होतो, त्याला औषध हवे होते.

तरीही फॉरमॅटचा प्रसंग पुन्हा येईलच. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ च्या अटी आमच्या यंत्राला झेपणाऱ्या नाहीत. तेव्हा आज ना उद्या त्यात लिनक्स येईल. येवो. धालोची गाणी आता तीन ठिकाणी आहेत; त्यांतली एक प्रत गावी, आत्याबाईंच्या लेकीच्या कपाटात आहे.