सेल्फ मारताना काटा हलला का?

गाडी घेताना आम्ही एकच गोष्ट पाहिली होती, किंमत. तेवढ्याच पैशांत दुसरीकडे बिनएसीचं मॉडेल मिळत होतं. हिला एसी, पॉवर स्टेअरिंग आणि पुढच्या दोन काचा बटणावर. घर पंचवटीत, शाळा दिंडोरीला. एसटीच्या मागे धावून मी वैतागले होते. नवरा म्हणाला, घेऊन टाक.

कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही. ती आता इथे नाही, आणि तिच्या काही गाड्या बिनतक्रार धावतात असंही ऐकते. जनरल मोटर्सने शेवरलेची भारतातली विक्री २०१७ च्या अखेरीस थांबवली, फोर्डने इथलं उत्पादन बंद करत असल्याचं २०२१ मध्ये जाहीर केलं, २०२२ मध्ये निसानने डॅटसन गुंडाळली. माझी यांतली की आणखी कुणाची, हे ओळखत बसू नका. अशी गाडी कुठल्याही कंपनीची असो, मालकाची फरफट साधारण सारखीच.

कंपनी जाते ती एका दिवसात जात नाही. आमच्याकडे आधी वर्कशॉपमधला जाणता मेकॅनिक दुसऱ्या कंपनीत गेला. मग स्कॅनर चालवणारा मुलगा गेला. शेवटी पाटी उतरली आणि त्याच शेडवर वेगळ्या रंगाची पाटी चढली. सर्व्हिस चालू राहील, असं आम्हाला कळवलं होतं. ते खोटं नव्हतं. सर्व्हिस ठाण्याला चालू होती.

आणि नेमकी तेव्हाच गाडी बंद पडायला लागली. म्हणजे कशी, तर सकाळी एकदम ठणठणीत. दुपारी शाळा सुटल्यावर, उन्हात तापलेली, ढकांबे मागे टाकून रामशेज किल्ला दिसायला लागला की मध्येच इंजिन गप्प. धक्का नाही, आचका नाही, कुणीतरी चावी फिरवल्यासारखं गप्प. सेल्फ फिरायचा, गाडी घ्यायची नाही. द्राक्षांची कॅरेट भरलेले पिकअप हॉर्न वाजवत बाजूने जायचे. अर्ध्या तासाने पुन्हा चावी फिरवली की पहिल्याच सेल्फला चालू.

द्वारका-वडाळा नाका भागातल्या गॅरेजवाल्याने आधी विचारलं, “मॅडम, साहेब नाही आले?” मग मागची सीट उचलली आणि पेट्रोलचा पंप बदलला. आठवडाभर गाडीत पेट्रोलचा वास आणि पुन्हा तेच. दुसऱ्याने इग्निशन कॉइल बदलली. तिसरा म्हणाला, ईसीयू गेला, पण तो मिळणार नाही, त्यापेक्षा गाडी काढून टाका, गिऱ्हाईक माझ्याकडे आहे. त्याच्या गिऱ्हाइकाचा भाव भंगारच्या भावापेक्षा किंचित बरा होता.

या फेऱ्यांत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. ज्याच्याकडे जो पार्ट असतो, तोच खराब निघतो. पंप कपाटात होता म्हणून पंप गेला. कॉइल दुसऱ्या गाडीची बसत होती म्हणून कॉइल गेली. यात लबाडी असेलच असं नाही. समोर स्कॅनर नाही, वायरिंगचा नकाशा नाही, तसलीच दुसरी गाडी महिन्यात येत नाही, तर माणूस हाताशी आहे ते लावून बघतो. लोक म्हणतात, कंपनी गेली की पार्ट मिळत नाहीत. पार्ट मिळतात हो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर अख्ख्या गाड्या सुट्या होऊन पडलेल्या असतात. फोन केला, फोटो पाठवला की खासगी बसच्या डिकीतून पार्सल मुंबई नाक्यावर उतरतं. माझ्या लाल गाडीला मागच्या दाराचं चंदेरी हँडल तिथूनच आलं. बिघाड नक्की कशाचा, हे सांगणारा माणूस मात्र पार्सलने येत नाही.

तो आमच्याच कॉलनीत निघाला. काका मायकोतून निवृत्त झालेले. कंपनी २००८ पासून कागदोपत्री बॉश झाली, पण नाशिकमध्ये सर्कलही मायको आणि माणसंही मायकोचीच. तिथे डिझेलचे इंजेक्टर-नोझल बनतात. माझी गाडी पेट्रोलची, म्हणून मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं. एका संध्याकाळी पार्किंगमध्ये त्यांनीच विचारलं, “ताई, बंद पडल्यावर सेल्फ मारता, तेव्हा आरपीएमचा काटा हलतो का?”

मी पाहिलंच नव्हतं. एवढ्या गॅरेजांत कुणी विचारलंही नव्हतं.

पुढच्या वेळी पाहिलं. काटा शून्यावर चिकटलेला. काका म्हणाले, मग क्रँक सेन्सर. इंजिन फिरतंय हे ईसीयूला तोच सांगतो. त्याने सांगितलं नाही तर ईसीयूच्या लेखी इंजिन उभंच आहे. मग स्पार्कही नाही आणि पेट्रोलही नाही. आपल्या गाडीतल्या सेन्सरच्या आत बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी आहे. तिला कुठेतरी चीर गेली असेल, तर गार असताना टोकं टेकलेली राहतात, तापली की सुटतात. खात्री करायला त्यांनी गाडी पार्किंगमध्येच तापवून बंद पडू दिली आणि पिण्याच्या बाटलीतलं गार पाणी नेमकं त्या सेन्सरवर ओतलं. गाडी चालू. मग सेन्सर काढून मल्टिमीटर लावला. गार असताना हजार ओहमच्या आसपास. हेअर ड्रायरने तापवला तर मीटर काही दाखवेना. हेअर ड्रायर माझा.

आता हा सेन्सर आणायचा कुठून? काका हसले. गाडीची कंपनी सेन्सर बनवतच नाही, म्हणाले. बनवणारा वेगळा, तो चार कंपन्यांना माल देतो. फरक असतो तो कनेक्टरचा. हे सातपूर-अंबडच्या कारखान्यांत उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसालाच सुचावं. बाहेरच्यांना नाशिक म्हटलं की कुंभमेळा आठवतो नाहीतर द्राक्षं, पण निम्मं शहर गाड्यांच्या सुट्या भागांवर जेवलेलं आहे.

त्याच घडणीचा, दुसऱ्या गाडीचा सेन्सर साडेसातशेला मिळाला. द्वारकेच्या वायरमनने जुना कनेक्टर चार बोटं वायर ठेवून कापला आणि नव्याला सोल्डर केला. आत दोन तारा आणि तिसरी शील्डची. दोन्ही तारा उष्णतेने सारख्याच करड्या झालेल्या. उलटसुलट जोडल्या तर इंजिन चुकीच्या वेळी ठिणगी टाकणार. पर्समधल्या व्हाइटनरने मी एकीवर ठिपका दिला. नवा सेन्सर नखभर लांब होता, तो फ्लायव्हीलच्या दात्यांना घासला असता, म्हणून खाली वॉशर घालून एक मिलिमीटरच्या आसपास फट ठेवली. वायरमन फीलर गेज फिरवताना श्वास रोखून बसला होता. त्यानंतर रामशेजपाशी गाडी बंद पडली नाही.

सस्पेन्शनचे बुश मात्र कुठेच मिळेनात. अंबडमधल्या एका लेथवाल्याने जुना बुश पाहून पॉलियुरेथेनचे वळून दिले. गाडी आता थोडी कडक चालते, खड्डा पाठीला कळतो. पण बुश टिकलेत.

कधीकधी वाटतं, कंपनी जाणं तेवढं वाईट नाही, मागे कोण राहतं ते महत्त्वाचं. २००७ मध्ये आलेली लोगन आमच्या नाशिकमध्येच बनायची, महिंद्र आणि रेनो मिळून. २०१० मध्ये दोघांचा काडीमोड झाला, पण लेकरू महिंद्रकडे राहिलं, व्हेरिटो नावाने नांदलं, आणि त्या गाड्यांच्या मालकांना वाली राहिला. फियाटच्या १.३ लिटर मल्टिजेट डिझेलचंही तसंच. ते स्विफ्टमध्ये होतं, व्हिस्टामध्ये होतं, शेवरलेच्या सेलमध्येही होतं. कुठली कंपनी गेली तरी त्या इंजिनाचा फिल्टर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळायचाच. माझ्या गाडीचं इंजिन इथे दुसऱ्या कुणी वापरलंच नाही. गाडी घेताना हे विचारायचं असतं हे तरी कुणाला माहीत असतं? आम्ही रंग विचारला होता.

मुंबईला जायचं तर आता समृद्धी आहे. २०२५ च्या जूनमध्ये इगतपुरीपासूनचा शेवटचा टप्पा उघडला, बोगद्यातून कसारा घाट टळतो. नवरा तरीही ट्रेनच बघतो. बोगद्यात बंद पडली तर, हा त्याचा प्रश्न. मी वाद घालत नाही.

सध्या एसी बंद आहे. गॅरेजवाला म्हणाला, कॉम्प्रेसर गेला, माझ्याकडे एक बसवण्याजोगा आहे. मी म्हटलं, आधी रिले बघा. त्याचं तोंड उतरलं; रिले दीडशे रुपयांचा. बदलला. एसी अजूनही चालत नाही. काका म्हणतात, आता प्रेशर स्विच बघू, आणि रविवारी मल्टिमीटर घेऊन येतो म्हणालेत.