धुराचं लाकूड

पिरनवाडी मागे पडली, किणये गेलं, की जांबोटीच्या वाटेवर पावसाची जातच बदलते. बेळगावात जी रिपरिप असते ती इथं सरळ ओतायला लागते. माझ्या मावशीचं गाव कणकुंबीच्या अलीकडं, रस्ता सोडून आत आहे. आषाढात तिच्याकडं जायचं म्हणजे अंगावरचे कपडे दोन दिवस वाळणार नाहीत, हे धरूनच निघायचं.

घरात गॅस येऊन बरीच वर्षं झाली. पण मागच्या पडवीतली चूल मावशीनं मोडू दिलेली नाही. त्या चुलीच्या वर, हात उंच केला तर टेकेल एवढ्या अंतरावर, चार दोऱ्यांनी टांगलेला बांबूचा माच आहे. माझ्या बायकोचं माहेर कुमट्याकडचं. लग्नानंतर पहिल्यांदा ती इथं आली, तेव्हा माच बघून एकदम खुलली. "आमच्या अज्जीकडं ओलेवर असंच होतं की!" म्हणाली. ओले म्हणजे चूल. मावशीला कन्नड येत नाही, पण सुनेला काय आवडलं ते कळायला भाषा लागली नाही.

माचावर पावसाळ्यात काय काय असतं! बियाण्याची गाडगी, आमसुलं, सुके बांगडे, नव्या टोपल्या (धूर लागला की बांबूला कीड धरत नाही), आणि एका कोपऱ्यात मीठ-हळद लावून काठीला अडकवलेल्या मटणाच्या पट्ट्या. काळपट, चामड्यासारख्या. वाफाळत्या भाताबरोबर त्याचं कालवण खाल्लं, की बाहेर पाऊस पडतोय ह्याचं काही वाटत नाही.

कणकुंबीला उगम पावलेली मलप्रभा पूर्वेला सौंदत्तीकडं जाते, तेवढ्या वाटेत पाऊस आटत आटत जातो. पूर्वेकडच्या कोरड्या मुलखात मांस टिकवायला ऊन पुरतं. मराठवाड्यात उन्हात वाळवलेल्या मांसाच्या चान्या करतात, त्यांच्याबद्दल शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकात लिहिलं आहे. पण नदीच्या उगमाकडं चार महिने ऊन दिसायची मारामार. तिथं उन्हाचं काम धुरानं करायचं. धूर म्हणजे नुसता वास नव्हे. मीठ पाणी ओढून घेतं, चुलीची ऊब हळूहळू वाळवते, आणि धुरातली काही द्रव्यं मांसाच्या वरच्या थरात बसून जंतूंना नि खवटपणाला अडवतात. तिन्ही मिळून काम होतं. एकट्या धुराच्या भरवशावर राहिलं तर मांस नासतं.

आता माझ्या शहाणपणाची गोष्ट.

मुलगा बेंगळुरूहून नोकरीच्या पहिल्या पैशातून झाकणाची लोखंडी शेगडी घेऊन आला. खाली निखारे, वर जाळी, घुमटासारखं झाकण, झाकणाला हवेची भोकं. "पप्पा, मावशीआज्जीच्या माचावरची चव घरच्या घरी!" कल्पना मलाही आवडली. कोळसा मिळाला. प्रश्न आला लाकडाचा. शहरात लाकूड म्हणजे वखार. एका वखारीत गेलो तर तिथं निलगिरी, फर्निचरचे उरलेले तुकडे आणि भुसा. दुसऱ्या ठिकाणी मालक कन्नड बोलणारा. मी म्हटलं, फळझाडाचं काही आहे का? त्यानं कोपऱ्यातल्या ढिगाकडं बोट केलं, "गेरु ऐति नोडरि."

मी घरी फोन लावला. बायको म्हणाली, "गेरु म्हणजे काजू. आमच्याकडं गेरुबीज म्हणतात. घ्या." मराठीत गेरू म्हणजे तांबडी माती, तेव्हा माझं ज्ञान तिथंच संपत होतं. मी मराठी शिकवतो. झाडं मला बहुतेक कवितेतच भेटलेली. काजू तर काजू, फळझाडच ते. पोतंभर घेतलं. लाकूड पुरतं वाळलेलं नव्हतं, सालीवर काळे ओघळ होते, तेही मी डिंक समजून सोडून दिले.

मुलानं कोयत्यानं तुकडे केले आणि रविवारी शेगडी पेटवली. रात्रीपर्यंत त्याच्या मनगटावर पाण्यानं भरलेले फोड आले, डोळे सुजून मिटले, धुराजवळ उभी राहिलेल्या बायकोच्या गळ्यावर पुरळ. डॉक्टरांकडं पळालो. त्यांनी काय जाळलं ते विचारलं, मी "काजू" सांगितलं. सूज उतरायला सहा दिवस लागले. कोंबडी अर्थातच टाकून दिली.

चौथ्या दिवशी मावशी आली. पोत्यातला एक तुकडा बुटाच्या टोकानं उलटा केला, हात लावला नाही. "हा बिब्बा हाय की रे! धोबी कपड्याला खुणा करतो, त्योच."

कन्नडमध्ये गेरु हे नाव दोन्ही झाडांना चालतं. किनाऱ्याकडच्या माणसाच्या तोंडी ते काजू, घाटावरच्या माणसाच्या तोंडी बहुतेक वेळा बिब्बा. करीगेरु म्हटलं तर संशय राहत नाही, पण 'करी' कोण म्हणतो! दोन्ही झाडं एकाच कुळातली. बिब्ब्याचा चीक कातडी भाजतो, म्हणून लाकूडतोडे ते झाड तोडायला धजत नाहीत, आणि त्याचा धूरही तसाच बाधतो. वखारवाल्यानं खोटं सांगितलं नव्हतं. बायकोनंही नाही. दोघांचं कन्नड बरोबर होतं, मधे मी होतो. एखाद्या कामात 'बिब्बा घालणे' हा वाक्प्रचार मी वीस वर्षं वर्गात समजावून सांगितला आहे. तो घरात असा शब्दशः घडला.

त्या दिवशी मावशीनं ओट्यावर बसून मला लाकूड शिकवलं. शास्त्रातलं थोडंफार नंतर मी वाचून पडताळलं, आणि तिचं बहुतेक सगळं बरोबर निघालं.

तिची पहिली अट अशी, की ज्या झाडाचं नाव माहीत नाही ते चुलीत घालायचं नाही. बिब्बा, काजरा, कण्हेर ही तर उंबऱ्याच्या आतच नकोत. काजू नि आंबा ही बिब्ब्याचीच भावंडं. आंब्याचं वाळलेलं लाकूड होमात चालतं, स्वयंपाकालाही जाळतात; तरी आंब्याच्या चिकानं ज्यांचं तोंड उतू जातं त्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. मी तरी आता जात नाही. चीड-देवदारासारखी राळेची लाकडं काजळी धरतात, निलगिरीला औषधाचा वास येतो. रंग दिलेलं, पॉलिश केलेलं, प्लायवूडचं लाकूड म्हणजे तर सरळ विष. मग चांगलं कुठलं? परसातलं! पेरू, चिकू, जांभूळ, चिंच, बाभूळ. पेरूचा धूर गोडसर आणि हलका, कोंबडीला तोच. चिंच नि बाभूळ कडक, ती मटणाला किंवा डुकराच्या मांसाला, आणि तीही बेतानं. जंगलातून तोडून आणायचं कारणच नाही, आणि कायद्यानं आणताही येत नाही. छाटणीच्या फांद्या वर्षभराला पुरतात.

मग वाळवण. फांदी मनगटाएवढी जाड असली तर तुकडे करून, उभी चिरून, पावसापासून लांब पण वारा लागेल अशा जागी निदान सहा महिने, शक्यतर वर्षभर ठेवायची. वाळलं की टोकांना भेगा पडतात, साल सुटते, तुकडा हलका होतो. दोन तुकडे एकमेकांवर आपटून बघ, म्हणाली मावशी. टणटण वाजलं तर वाळलं, भद्द वाजलं तर ठेव परत. बुरशी धरलेला तुकडा फेकून द्यायचा. काही लोक लाकूड रात्रभर भिजवून वापरायला सांगतात. मी एक ठोकळा भिजवून मधोमध फोडून बघितला. ओल वरच्या पापुद्र्यापुरतीच, आत कोरडा ठाक. त्या ओलीनं आधी नुसती वाफ होते आणि निखारा मंदावतो, बस्स.

ठोकळा मुठीएवढा हवा. भुसा भुर्रकन जळून जातो, आणि गिरणीतल्या भुशात कुठकुठलं लाकूड मिसळलंय ते देव जाणे. दोन किलो मांसाला दोन-तीन ठोकळे खूप झाले. ते ज्वाळेत नव्हे, धगधगत्या लोणारी कोळशाच्या कडेला ठेवायचे, म्हणजे ते पेटत नाहीत, धुमसतात. लाकडातलं लिग्निन धुमसताना फुटतं, त्यातून ग्वायाकॉल नावाचं द्रव्य निघतं. माचावरच्या मटणाचा जो वास आपल्याला लहानपणाकडं ओढतो, त्यात त्याचा मोठा वाटा. पण हवा कोंडली की दाट पांढरा धूर होतो आणि मांस कडवट लागतं. आमची दुसरी खेप अशीच कडू झाली, कारण धूर जास्त म्हणजे चव जास्त अशा समजुतीनं मुलानं सगळी भोकं बंद करून टाकली होती. झाकणातून बाहेर पडणारा धूर पातळ, निळसर दिसायला हवा. मावशीच्या शब्दांत, "धूर दिसूने, वास यावा."

मांस निखाऱ्याच्या थेट वर ठेवत नाही, बाजूला ठेवतो. चरबी ज्वाळेत ठिबकली की धुरात नको ती द्रव्यं वाढतात, त्यांतली काही कर्करोगाशी जोडलेली आहेत. म्हणून आमच्याकडं हा बेत महिन्यातून एकदाच. शेगडीतली उष्णता ११० ते १२० अंश सेल्सिअस. कोंबडीच्या तंगडीत सुईचं थर्मामीटर खुपसून ७४ अंश दिसेपर्यंत उतरवायची नाही. आणि ही शेगडीवरची कोंबडी माचावरच्या मटणासारखी टिकत नाही. उरली तर फ्रीजमध्ये, आणि दोन दिवसांत संपवायची.

दिवाळीत पेरूच्या धुरातल्या तंगड्या डब्यात भरून मावशीकडं नेल्या. तिनं एक घास खाल्ला, सावकाश चावला. मुलगा तिच्या तोंडाकडं बघत उभा होता, मनगटावर अजून फोडांचे काळे डाग.

"मीठ कमी हाय," म्हणाली. "खरं लाकूड बरोबर हाय."

आता आमच्या पडवीत तीन पोती असतात. प्रत्येकावर बायकोनं खडूनं झाडाचं नाव घातलं आहे, वर मराठी, खाली कन्नड: पेरू – पेरल, चिंच – हुणसे, जांभूळ – नेरळे. चौथं पोतं रिकामं आहे. मावशी म्हणते तिच्या दारची बाभूळ यंदा छाटायची आहे, गाडी घेऊन या.