वसईच्या कोटांत

वसईस आगगाडीनें सहज जातां येत असतां आम्ही पांच जण बोटीनें निघालों, याचें घरच्या वडील मंडळींस नवल वाटलें. भाईंदरहून वसईस जाणारी ही फेरीबोट फेब्रुवारी 2024 मध्यें सुरू झाली. मोटारी, फटफट्या आणि आमच्यासारखे रिकामटेकडे, सर्वांस ती एकत्रच पलीकडे नेते. ज्या गांवाची भरभराट समुद्रानें आणिली, तें प्रथम पाण्यावरूनच पाहावें, असा आमचा हट्ट होता. खाडी रुंदावत गेली, झाडींतून काळा तट डोकावूं लागला आणि आमची बडबड आपोआप थांबली.

सन 1534 त गुजरातच्या सुलतान बहादूरशहानें वसई पोर्तुगीजांस दिली. पुढें दोनशें वर्षें ती त्यांच्या उत्तरेकडील मुलुखाची राजधानी होती. तटाच्या आंत केवळ शिबंदी नव्हती. वाडे, मठ, ख्रिस्तमंदिरें यांनीं गजबजलेलें नगर होतें. आज छपरें नाहींत. भिंतींतून झाडें रुजलीं आहेत, आणि जेथें हात पोंचेल तेथें कोणीं कोणीं आपलीं नांवें कोरून ठेविलीं आहेत. चारशें वर्षें टिकलेल्या दगडास हा उपद्रव कां, कोण जाणे!

आमच्यांतील इतिहासप्रेमी सोबत्यानें 1739 ची हकीकत सुरू केली. चिमाजी आप्पांचे लोक तटास कसे भिडले, सुरुंगांनीं बुरुज कसा फुटला, हें सांगतांना त्याचा आवाज भरून आला. मे महिन्यांत तह झाला व शत्रूस सन्मानानें बाहेर जाऊं दिलें. ही शेवटची गोष्ट सांगणारे बहुधा घाईंत उरकतात. आम्हांस ती पराक्रमाइतकीच मोलाची वाटते.

दुसरा सोबती वसईचाच, सामवेदी बोली बोलणाऱ्या ख्रिस्ती घराण्यांतला. तो मुकाट्यानें ऐकत होता. फ्रान्सिस्कन मठाच्या मंदिरांत जमिनींत बसविलेल्या थडग्यांच्या शिळा आहेत. त्यांजवळ येतांच त्यानें पायांतल्या चपला काढल्या. मग आम्हीं सर्वांनींच काढल्या. याच वसईंत जन्मलेले गोन्सालो गार्सिया 1597 त जपानांत नागासाकी येथें क्रुसावर मारले गेले व 1862 त त्यांस संतपद मिळालें, हें त्यानें सांगितलें, पण एखाद्या चुलत्याची गोष्ट सांगावी तसें.

वाद निघाला तो घंटांवरून. विजयानंतर येथील घंटा मराठ्यांनीं नेल्या. वाईजवळ मेणवलीस आणि नाशकास नारोशंकराच्या देवळांत त्या आजही आहेत. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूस घेतलेली मरीया आहे. “त्या विजयाच्या खुणा होत,” एक म्हणाला. “त्याच घंटा ऐकून आमचे पूर्वज प्रार्थनेस जात असतील,” वसईकर म्हणाला. मग त्या परत मागाव्या काय, असें विचारतां तो हंसला. “येथें टांगायची कोठें? छप्पर कोठें आहे?”

यावर कोणासच उत्तर सुचलें नाहीं. मत मात्र कोणाचेंही बदललें नाहीं. किल्ल्यांतूनच जाणाऱ्या रस्त्यानें किल्लाबंदरच्या कोळीवाड्याकडे चालतांना ते दोघे पुन्हां भांडत होते. आणि सुक्या मासळीच्या वासांतच उन्हाळ्याच्या सुटींत दोघांनीं मिळून मेणवलीस जाण्याचें ठरलें.