पायाखालची वाळू

परदेशवारी करून आलेल्या माणसाला गावात पहिला प्रश्न ठरलेला असतो : "काय काय पाहिलंत?" उत्तरादाखल एखादा राजवाडा, गेला बाजार एखादा धबधबा तरी हाताशी असावा लागतो. शिंदखेड्यात परतल्यावर मी "वाळू पाहिली" असे सांगितले, तेव्हा समोरच्या गृहस्थांना माझी कीवच आली. "अहो, वाळूच पाहायची तर बुराईत उतरायचं, नाहीतर तापीवर जायचं. त्याला पासपोर्ट कशाला हवा?"

प्रश्न बिनतोड होता. फक्त तो विचारायला गृहस्थांना पंचवीस-तीस वर्षे उशीर झाला होता.

आमची मुलगी डेन्मार्कमध्ये ऑल्बोर्ग या शहरी असते. जावई पवनचक्क्यांच्या कारखान्यात इंजिनियर. गेल्या जूनमध्ये आम्ही उभयता तिकडे होतो. एका रविवारी जावई म्हणाले, "बाबा, आज तुम्हाला चालता डोंगर दाखवतो. रॉब्येर्ग मीले." 'मीले' ऐकून सौ.ने विचारले, "किती मैल?" तेव्हा खुलासा झाला, की वाऱ्याबरोबर भटकणाऱ्या वाळूच्या टेकडीला डॅनिश भाषेत मीले म्हणतात. अंतर निघाले शंभर किलोमीटरच्या आत-बाहेर. डबा घेतला, थर्मास घेतला, आठ वर्षांची नात घेतली, आणि निघालो.

ही टेकडी आहे एका बेटावर. पण तो मुलूख बेट आहे हे गाडीत बसून मुळीच कळत नाही. ऑल्बोर्गला लागून लीमफ्योर्ड नावाची खाडी आडवी पसरली आहे. पश्चिमेकडचे तिचे तोंड वाळूच्या एका पट्टीने बंद होते. ३ फेब्रुवारी १८२५ च्या वादळात समुद्राने ती पट्टी फोडली आणि खाडीपलीकडचा सारा प्रदेश बेट होऊन बसला. आता मोटार बोगद्यातून खाडीखालून जाते, आणि नातीने सांगेपर्यंत आपण बेटावर पोहोचलो याचा पत्ताही लागत नाही.

रस्त्याच्या कडेला खुरट्या पाइनची झाडी, माळ, पुन्हा झाडी. आणि मग एकदम, कोणीतरी आणून ओतावा तसा, पिवळा डोंगर. समुद्रसपाटीपासून चाळीस मीटर उंच आणि चौरस किलोमीटरभर पसरलेला. सौ.ने चपला हातात घेतल्या. दोन पावले वर चढावे, एक पाऊल खाली यावे, अशा हिशेबाने आम्ही माथ्यावर पोहोचलो. पायाखालची वाळू सरकणे हा वाक्प्रचार मी वर्गात चाळीस वर्षे शिकवला. तिचा प्रयोग स्वतःच्या तळपायांवर त्या दिवशी झाला.

वर वारा होता. पश्चिमेकडून घोटाघोटाएवढ्या उंचीवर वाळूचा धूर सरपटत येत होता. वारा कण उचलतो, कण उड्या मारत पुढे जातो, पडताना आणखी चार कणांना उडवतो. माथा ओलांडला, की पलीकडच्या तीव्र उतारावर घरंगळतो आणि मागून येणाऱ्यांखाली गाडला जातो. अशा रीतीने डोंगर स्वतःच्याच अंगावरून चालत पुढे सरकतो. वेग वर्षाला पंधरा मीटरच्या आसपास, म्हणजे सरासरीने दिवसाला दोन बोटे. दिशा ईशान्य. तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी पश्चिम किनाऱ्यावरून तो निघाला आहे. वाटेत येईल ते झाड गिळतो. एकदोन शतकांत तो स्कागेन गावाच्या हमरस्त्यावर येईल, असा अंदाज आहे.

ही वाळू मोकाट सुटली त्यात वाऱ्याइतकाच माणसाचाही हात होता. झाडे तोडली, गुरे चारली, आणि किनाऱ्यावरचे वाळू धरून ठेवणारे गवत चाऱ्याला, छपराला, चुलीला उपटून नेले. १५३९ मध्ये राजा तिसरा ख्रिस्तियन याला हे गवत उपटू नये असा हुकूम काढावा लागला. गवतासाठी राजाज्ञा! पण तोवर फार उशीर झाला होता. स्कागेनजवळ संत लॉरेन्सचे मोठे चर्च होते. वाळू त्याच्या दारात साठू लागली. लोक फावड्याने वाट मोकळी करून प्रार्थनेला जात. अखेर १७९५ मध्ये त्यांनी ते सोडले. पुढे इमारत पाडली, फक्त पांढरा मनोरा जहाजांना खूण म्हणून ठेवला. तो आम्ही परतताना पाहिला. सौ.ने नेहमीच्या सवयीने हात जोडले.

मग या लोकांनी पिढ्यान् पिढ्या गवत लावले, पाइन लावले, आणि सारी वाळू दावणीला बांधली. आणि एवढे झाल्यावर, १९०० च्या सुमारास, सरकारने ही एक टेकडी विकत घेतली, ती मुद्दाम मोकळी ठेवण्यासाठी! वाळूचा उपद्रव काय होता हे पुढच्यांना कळावे म्हणून. आपल्याकडे देवाला सोडलेला वळू असतो, तो कोणाच्याही शेतात शिरला तरी त्याला कोणी काठी लावत नाही. तशी ही देवाला सोडलेली वाळू.

जावयांनी टेकडीत पस्तीस लाख घनमीटर वाळू असल्याचे सांगितले. मी खान्देशातला माणूस; घनमीटरने माझे समाधान कसे होणार? बोटांवर हिशेब केला : सवाबारा लाख ब्रास. आणि आसपास एक ट्रॅक्टर नाही! जावई हसले. म्हणाले, "बाबा, वाऱ्याने घासून हिचे कण गुळगुळीत झालेत. सिमेंट धरत नाही. बांधकामाला नदीचीच वाळू लागते, कोनेदार."

म्हणजे आमची वाळू गुणी होती, हेच तिच्या मुळावर आले. माझ्या लहानपणी बुराईचे पात्र उन्हाळ्यात पांढरेशुभ्र दिसे. त्यात हातभर उकरले की झिरा लागायचा. बायका करवंटीने पाणी भरत. पावसाळ्यात वाळू पाणी पिऊन घेते, उन्हापासून राखते आणि काठच्या विहिरींना थोडे थोडे देते. ती उचलली की पूर येतो तसा निघून जातो आणि विहिरी तळ दाखवतात. आज पात्रात मुरूम उघडा पडलेला दिसतो. गावातली पक्की घरे, शाळा, दुकाने त्या वाळूवर उभी आहेत, हेही खरेच. घरे बांधू नका असे कोण कोणाला सांगणार? पण नदीकडे परत किती येते आणि आपण किती नेतो, याचा हिशेब किराणा दुकानदारही ठेवतो तेवढा आपण ठेवला नाही. सौ.चे माहेर तापीकाठचे. त्यांची टरबुजाची वाडी नदीच्या वाळूतच असे. ती जागा आता सुलवाडे बॅरेजच्या पाण्याखाली आहे. शेतांना पाणी आले, त्याबद्दल तिची तक्रार नाही. टरबुजाचे नाव काढले की मात्र ती गप्प होते.

आम्ही टेकडीच्या मागल्या अंगाला, पश्चिमेकडे उतरलो. डोंगर पुढे निघून गेल्यावर मागे राहिलेली ती सपाट जमीन. पायांना गार लागली. जावयांनी कारण सांगितले : वारा कोरडी वाळू उडवून नेतो, पण भूजलाशी पोहोचला की ओल्या वाळूपुढे त्याचे चालत नाही, तिथे तो थांबतो.

सौ.ने ते ऐकले की नाही, देव जाणे. ती केव्हाच उकिडवी बसून दोन्ही हातांनी उकरू लागली होती. कोपरभर खड्डा झाला असेल-नसेल, तोच ती माहेरच्या अहिराणीत ओरडली, "देख, पानी उनं!"

नात धावत आली. खड्ड्याच्या तळाशी कडेने पाणी पाझरत होते. पोरीने दोन्ही हात त्यात घातले. मग वर बघून विचारले, "आजी, शिंदखेड्याला पण येतं असं?"

सौ.ने माझ्याकडे पाहिले. मी दूर टेकडीकडे पाहू लागलो. मग तिने थर्मासचे झाकण मागितले आणि नातीला शेजारी बसवले.

"पहिलं पाणी उपसून टाकायचं," ती म्हणाली. "दुसरं गढूळ असतं, तेही टाकायचं. मग हात न लावता थांबायचं. तिसरं निवळ येतं."

पोरीने पहिले टाकले, दुसरे टाकले, आणि गुडघ्यांवर हात ठेवून खड्ड्यात बघत थांबली.