न दिसणारा तडा

गेल्या नाताळच्या सुटींत आमचा एक जुना विद्यार्थी आम्हांस भेटावयास आला. रुमालांत गुंडाळलेलें धातूचें एक बोटभर पातें त्यानें आमच्या हातीं दिलें. विमानाच्या एंजिनांत तप्त वायूच्या झोतानें फिरतें, तसलें तें पातें होतें. सांधल्यावर चांचणींत निकामी ठरलें, म्हणून परवानगीनें त्यानें तें आणिलें होतें. लेसर किरणांनीं अशीं पातीं सांधणें हाच त्याचा व्यवसाय.

आम्हीं सहज म्हटलें, "जो धातु विस्तवास भीत नाहीं, त्यास सांधणें सोपेंच असेल."

"सर, अगदीं उलट!" तो म्हणाला.

विद्यार्थिमित्रहो, त्यानें सांगितलें तें असें. या मिश्रधातूंत मुख्य अंश निकेलचा. त्यांत ॲल्युमिनियम व टायटॅनियम मिसळले म्हणजे निकेलशीं त्यांचे अतिसूक्ष्म कठीण कण बनतात, आणि तेच कण धातूस तापल्यावर मऊ होऊं देत नाहींत. परंतु सांधा थंड होतांना आकसतो व भोंवतालचा धातु ओढतो. साधें लोखंड थोडें ताणलें जातें. हा कठीण धातु ताण न सोसून तडकतो. म्हणून उष्णता द्यावयाची ती अगदीं थोड्या जागीं. लेसरचा झोत भिंगानें एका मिलिमीटरहूनही बारीक ठिपक्यावर आणतां येतो, तो याचसाठीं उपयोगी. पहिला लेसर मेमन यांनीं १९६० सालीं अमेरिकेंत माणकाच्या कांडीपासून सिद्ध केला. बारामतीस जन्मलेले व पुण्यास इंजिनीयरिंग शिकलेले कुमार पटेल यांनीं १९६४ सालीं तेथेंच कार्बन डायऑक्साइडचा लेसर निर्माण केला. तो पुढें कारखान्यांत धातु कापण्यास व सांधण्यास लागला.

"मग हें पातें कां फुकट गेलें?"

"लेसरनेंही सर्व तडे टळत नाहींत, सर. कांहीं तर सांधतांना दिसतच नाहींत. पुढें भट्टींत घातल्यावर उघडतात."

आम्ही गप्प राहिलों. याच मुलाच्या वडिलांस, त्याच्या देखत, आम्हीं एकदां सांगितलें होतें कीं, शास्त्र याच्या डोक्यांत शिरावयाचें नाहीं, यास शाळेंतून काढून कामास लावा. निघतांना आम्हीं चांचरत तो विषय काढला.

"आठवतें, सर," तो म्हणाला. अधिक कांहीं बोलला नाहीं.

पातें मात्र त्यानें आमच्या मेजावरच ठेविलें. "नववीच्या मुलांस भिंग देऊन दाखवा," म्हणाला, "आणि तडा कोठें आहे तें आधीं सांगूं नका."