पाठवणाऱ्याचं नाव

वयाने माझ्याहून लहान असलेल्या ज्या मोजक्या माणसांचं मी देणं लागते, त्यांत बेंगळुरूतल्या हेब्बाळची आमची मास्तरीण पहिली. ती मूळची बेळगावची. मी मिरजेच्या पोस्टात सॉर्टिंगला जन्म काढलेली, निवृत्तीनंतर लेकीकडे आलेली. फ्लायओव्हरपलीकडे ओळखीचं कुणी नव्हतं. आमच्या इमारतीच्या क्लबहाउसात ती रविवारी स्विंग नाच शिकवायची. नातीला सोडायला म्हणून मी जायची आणि भिंतीशी बसून राहायची. "काकू, बसून काय करताय? उभं राहा की हो," ती म्हणाली, आणि मी उठले.

नाच होता 'शिम शॅम'. जोडीदार लागत नाही. रांगेत उभं राहून सगळ्यांनी तीच पावलं टाकायची. साठीतल्या बाईलाही झेपेल, असा तिचा हिशोब. पण त्यातली गोम पहिल्याच पावलात आहे. ते एकावर पडत नाही, आधीच्या आठव्या मात्रेवर पडतं. समेची वाट बघत थांबलं की रांग पुढे निघून जाते. पहिल्यांदा पाऊल घासत टाकायचं, मग आडवं ढकलत जायचं, मग 'टॅक ॲनी', आणि शेवटी ओंडक्यावरून पाय घसरल्यासारखा एक तुकडा. एवढं झालं की ३२ बारांचं आवर्तन पुरं होतं. दुसऱ्या आवर्तनात, आधी जिथे तोडीची, म्हणजे 'ब्रेक'ची, पावलं होती तिथे जागच्या जागी थिजून उभं राहायचं. न हलणं हेच सगळ्यांत कठीण, हे मला तिथे कळलं.

पावलं दाखवण्याआधी मात्र ती नावं घ्यायची. १९२० च्या दशकात हा नाच बसवण्याचं श्रेय ज्यांना दिलं जातं ते लिओनार्ड रीड आणि विली ब्रायंट. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये, लेनॉक्स ॲव्हेन्यूवर १९२६ साली उघडलेला सॅव्हॉय बॉलरूम. काळ्या-गोऱ्यांनी एकाच फरशीवर नाचावं अशा जागा अमेरिकेत तेव्हा विरळा होत्या. आणि तिथे वाढलेले फ्रँकी मॅनिंग. मिरजेत मीरासाहेबांच्या उरुसात, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या संगीतसभेत मी लहानपणापासून पाहिलंय, गुरूचं नाव आलं की गवयाचा हात कानाच्या पाळीला जातो. पहिल्यांदा ती नावं ऐकताना माझाही हात आपसूक वर गेला. तिने पाहिलं, पण काही बोलली नाही. पुढच्या रविवारपासून सगळी पोरं तसं करू लागली.

मॅनिंगांची गोष्ट तिने सांगितली तेव्हा मी तिला पुन्हा सांगायला लावली. १९४१ च्या 'हेल्झापॉपिन' चित्रपटातला तो अचाट नाच बसवणारा हा माणूस. पुढे संगीताची हवा बदलली, नाचाची कामं आटली, आणि १९५५ पासून सुमारे ३० वर्षं त्यांनी न्यूयॉर्कच्या पोस्टात नोकरी केली. माझाच धंदा! १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातले आणि स्वीडनमधले तरुण त्यांना शोधत आले, तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या या माणसाने पुन्हा शिकवायला घेतलं आणि २००९ साली जाईपर्यंत ते शिकवत राहिले. शिम शॅम आज जगभर रांगेत नाचला जातो, तो मुख्यतः त्यांच्यामुळे.

मिरजेच्या गणपतीत आम्ही भगवानदादांच्या चालीवर नाचलेलो. मास्तरणीमुळे त्याचा माग लागला. भगवानदादांच्या १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटाचं संगीत पुणतांब्याच्या चितळकरांचं, म्हणजे सी. रामचंद्रांचं. त्यांच्यासोबत काम करणारा ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट, खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ, गोव्यातल्या हळदोण्याचा. १९३० च्या दशकात टेडी वेदरफोर्ड यांच्यासारखे कृष्णवर्णीय अमेरिकन वादक मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवत. गोव्याच्या वादकांनी ती लय त्यांच्याकडून उचलली. मिरवणुकीत आमच्या पायांत जे होतं, त्यातलं थोडं तिकडूनच आलेलं. ते कुणी पाठवलं, हे मात्र आम्हांला कुणी सांगितलं नव्हतं. पोस्टात असं पत्र, ज्याचा घेणारा सापडत नाही आणि पाठवणाऱ्याचं नाव नाही, ते शेवटी आर.एल.ओ.त, म्हणजे परत आलेल्या पत्रांच्या कचेरीत, जाऊन पडतं. नाचाचं तसं होऊ नये म्हणून ही पोर दर रविवारी नावं घेत होती.

गेल्या गणपतीत आमच्या मंडळाने शिम शॅम ठरवला. कार्यक्रमपत्रिकेत 'फॉरेन डान्स' छापायचं घाटत होतं. मी ते खोडलं आणि लिहून दिलं: शिम शॅम, रचना रीड आणि ब्रायंट, परंपरा फ्रँकी मॅनिंग यांची. खाली शिकवणारीचं नाव. मास्तरीण ऐकेना. "माझं कशाला हो काकू? मी फक्त पुढं दिलं."

पोस्टमनही फक्त पुढंच देतो, म्हटलं. तिचं नाव छापलं, बेळगावसकट.