दांड्याचा पाठभेद

भंडारा-साकोली महामार्गावर गडेगावला अशोक लेलँडचा, गिअरबॉक्स घडवणारा कारखाना आहे, १९८२ सालचा. आमचे कुतूहल मात्र कारखान्याबाहेरचे: जुन्या ट्रकचा चालकाने आपल्या देहाप्रमाणे बदलून घेतलेला गिअरचा दांडा.

जुन्या गिअरबॉक्समध्ये बहुधा सिंक्रोमेश नसे. प्रत्येक गिअरसाठी क्लच दोनदा दाबायचा, मध्ये न्यूट्रल. दिवसभरात खांद्याची किती झीज होते, हे मोजायला कोणी बसत नाही. मिस्त्री दांडा सोडवतो, तापवून आसनाकडे वाकवतो, हवी तर लांबी जोडतो. दांडा लांबला की जोर कमी लागतो. पण हाताला अंतर अधिक कापावे लागते. (शिवाय मागे ओढल्यावर तो आसनावर आपटता कामा नये.) किती द्यायचे आणि किती घ्यायचे, हे चालकाचा खांदाच ठरवतो.

मूळ रूप जपणारे शौकीन याला भ्रष्ट पाठ म्हणतील. आम्हांस तो वापरणाऱ्याने सिद्ध केलेला पाठ वाटतो. कारखान्याने कल्पिलेला सरासरी चालक प्रत्यक्षात कुठे असतो?

भंडारा पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध. मग दांड्याची मूठ पितळेची का नाही, असे आम्ही एका चालकास विचारले.

“मे महिन्यात हात लावून पाहा ना, सर,” तो म्हणाला.